मानमोडी ते कोविड : श्वसनरोगाच्या तीव्रतेची निदर्शके

नागपूरच्या पश्चिमेस अमरावती मार्गावर वसलेल्या वाडीच्या परिसराने विषाणुजन्य श्वसनरोगाच्या दोन महान साथी अनुभवल्या. पहिली इ. स. १९१८ ची, जिला लोक ‘मानमोडी’ म्हणत. दुसरी १०२ वर्षांनंतरची कोविडची. दोन्ही प्रसंगी वैद्यकापुढे एकच प्रश्न उभा राहिला. एकाच रोगाने पछाडलेल्या दोघांपैकी एक आठवड्यात बरा होतो आणि दुसरा दगावतो. तो दुसरा कोणता, हे आधी कसे ओळखावे?

जून १९१८ मध्ये मुंबईत उद्भवलेली साथ लोहमार्गाने मध्यप्रांतात पोहोचली आणि त्या वर्षाच्या शरदात तिने उग्र रूप धारण केले. त्याच वर्षी पर्जन्याने दगा दिल्यामुळे अन्नधान्य महागले होते. १९११ ते १९२१ या दशकात मध्यप्रांत व वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३९ लाखांवरच खिळून राहिली, यावरून या आपत्तीचे परिमाण कळून येते. बळी पडले ते विशेषेकरून ऐन तारुण्यातील स्त्रीपुरुष. रोगाचे कारण फायफरचा जंतू होय, असा तेव्हा बहुतेकांचा समज होता. मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू पुढे १९३३ मध्ये वेगळा करण्यात आला. चेहऱ्यावर चढणारी निळसर झाक हेच त्या काळी तीव्रतेचे प्रमुख निदर्शक होते, आणि ते दिसू लागे तेव्हा बहुधा उशीर झालेला असे.

ज्या प्राणवायूच्या अभावी ही निळसर झाक येते, तोच शरीरात विध्वंसकही ठरू शकतो, हा विचार पुढे रुजला. १९५४ मध्ये रेबेका गर्शमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राणवायूची विषबाधा मुक्त मूलकांमुळे होते, असे प्रतिपादन केले. १९६९ मध्ये मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइडचा निरास करणाऱ्या विकराचा शोध लावला. मूलकांची निर्मिती व त्यांचा निरास यांतील बिघडलेल्या समतोलास ‘ऑक्सिडीकारक ताण’ ही संज्ञा १९८५ मध्ये हेल्मुट झीस यांच्या ग्रंथाने रूढ केली. १९८९ मध्ये जपानी संशोधकांनी हे विकर बहुवारिकाशी जोडून इन्फ्लुएन्झाग्रस्त उंदरांस दिले असता ते मृत्यूपासून वाचले. फुप्फुसाचा नाश केवळ विषाणू करीत नसून त्याच्याशी झुंजणाऱ्या पेशींतून सुटणारी मूलकेही करतात, हा त्याचा मथितार्थ होय.

कोविडच्या काळात या विचारास व्यावहारिक महत्त्व आले. एप्रिल १९२१ नव्हे, तर बरोबर एका शतकानंतरच्या एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात खाटांची तीव्र टंचाई होती. त्याच महिन्याच्या ९ तारखेस वाडीतील एका खासगी कोविड रुग्णालयास आग लागून रुग्ण दगावले व उरलेल्यांस अन्यत्र हलवावे लागले. अशा वेळी कोणास आधी खाट द्यावी, हा निर्णय जीवनमरणाचा असतो. तीव्र रुग्णांच्या रक्तात मॅलॉनडायअल्डिहाइड वाढलेले व ग्लुटाथायोन घटलेले असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले. तथापि वय, मधुमेह व धूम्रपान यांनीही ही द्रव्ये बदलतात आणि त्यांच्या मापनपद्धती एकसारख्या नाहीत. म्हणून रुग्णशय्येजवळ बोटास लावायचे प्राणवायुमापक यंत्रच अधिक उपयोगी पडले.

येथे तर्काची एक मर्यादा लक्षात घेणे अगत्याचे आहे. धूर हे अग्नीचे चिन्ह असले, तरी धूर पांगविल्याने अग्नी विझत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत क जीवनसत्त्वाच्या शिरेवाटे दिलेल्या मात्रांनी कोविडच्या रुग्णांस लाभ झाला नाही. याउलट दाह आवरणाऱ्या डेक्सामेथासोनने कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटविले, हे २०२० मध्येच सिद्ध झाले होते. निदर्शक तीव्रतेबरोबर वाढते म्हणून तेच तीव्रतेचे कारण ठरत नाही. मानमोडीच्या काळी जंतूच्या बाबतीत झालेली चूक याच जातीची होती. रुग्णात जे आढळले, तेच कारण मानले गेले. शंभर वर्षांत साधने पालटली, परंतु साहचर्य व कारण यांतील भेद जपण्याची जबाबदारी अभ्यासकावर पूर्वीइतकीच आहे.