तलाव कोणाचा? मामा तलावांची थोडी जुनी, थोडी आजची गोष्ट

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या मित्रांनो, आपल्या गावचा तलाव कोणाचा, असं कोणी विचारलं तर काय सांगाल? सिंचन विभागाचा? जिल्हा परिषदेचा? मच्छीमार संस्थेचा? तलावाची आज जी अवस्था आहे, तिची निम्मी कारणं या प्रश्नाच्या उत्तरात सापडतात. पोस्ट जरा लांब आहे, पण वेळ काढून वाचा.

आपण ज्यांना मामा तलाव म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, ते या चार जिल्ह्यांत हजारोंनी आहेत. त्यांचा इतिहास गोंड राजवटीपर्यंत मागे जातो. जो तलाव बांधेल त्याला तलावाखालची जमीन मिळेल, असं गोंड राजांचं धोरण होतं, अशी परंपरा सांगितली जाते. कोहळी समाजाने त्यात नाव कमावलं. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. डोंगराचा उतार बघून, दोन टेकड्यांमधली जागा मातीच्या पाळीने अडवून, वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात सोडायचा, अशी साखळीच त्या लोकांनी उभी केली. आपला धान या साखळीवर पिकला.

तलाव बांधला कोहळ्यांनी, पण चालवला सगळ्यांनी. पाळीची डागडुजी आणि पाटाची सफाई शेतकऱ्यांकडे. पाण्यातलं सगळं ज्ञान ढिवरांकडे: कोणती वनस्पती कुठे वाढते, मरळ अंडी कुठे घालते, कोणत्या महिन्यात जाळं टाकायचं नाही. गुरं तिथेच पाणी प्यायची. उन्हाळ्यात तळातला गाळ शेतात जायचा. काठावरच्या उथळ पाण्यात देवधान उगवायचं, तिथेच बदकं आणि सारस चरायचे.

हे रामराज्य होतं, असं मात्र कोणी समजू नये. मालगुजाराचा शब्द शेवटचा असे, वेठबिगारी होती, आणि ज्यांच्या घामावर पाळ उभी राहिली त्यांच्या वाट्याला पाणी शेवटी यायचं. मालगुजारी गेली ते बरंच झालं. तरीही तलाव फुटला तर कोणाला हाक मारायची, हे तेव्हा गावात प्रत्येकाला ठाऊक होतं.

१९५० च्या कायद्याने मध्य प्रांतातली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. पुढे १९६० ला महाराष्ट्र झाला, जिल्हा परिषदा आल्या, आणि वाटणी झाली. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे राज्याच्या सिंचन खात्याकडे. मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेला. काठावरची जमीन महसूलची, जंगलातला तलाव वनखात्याचा. प्रत्येक खात्याला तलावाचा एकेक तुकडा मिळाला. सिंचनवाल्यांना त्यात पाणी दिसलं, मत्स्यवाल्यांना मासे दिसले, महसूलला सातबारा दिसला. आख्खा तलाव कोणालाच दिसला नाही.

मग काय झालं, ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. गाळ साचला. काठावर बेशरम माजली. उत्पादन वाढावं म्हणून रोहू, कतला, मृगलचं बीज आलं, सोबत गवत्या मासाही आला. गवत्या पाणवनस्पती फस्त करतो. वनस्पती गेल्या की देशी माशांना अंडी घालायला जागा उरत नाही, आणि पक्ष्यांनाही खायला-लपायला काही राहत नाही. काठावर अतिक्रमण झालं. आता गाळ काढायला पोकलेन येतं आणि तलाव परातीऐवजी बादलीसारखा खोदून ठेवतं. पाणी साठतं, पण उथळ काठ संपतो. जीव असतो तो त्या काठावरच.

याची किंमत सारसाने मोजली. महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः आपल्याच भागात, आणि गणनेतला आकडा चाळिशीच्याही आत आलेला आहे. सारस तलावात चरतो आणि धानाच्या बांधीतही घरटं करतो. म्हणजे तलाव राखला, पण शेतकरी सोबत नसला, तर उपयोग शून्य. बांधीत विषारी फवारणी झाली किंवा वरून विजेच्या तारा गेल्या, तरी सारस मरतो. एकटं वनखातं हे सांभाळूच शकत नाही.

आनंदाची गोष्ट म्हणजे जिथे सगळे एकत्र आले, तिथे फरक पडला. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या मच्छीमार संस्थांना आणि गावातल्या बायकांना सोबत घेऊन काही तलावांवर काम केलं. बेशरम उपटली, तळ नांगरला, आणि ढिवरांनीच ओळखून दिलेल्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. अशा तलावांत देशी मासे परतले, मागोमाग पक्षी आले. गोंदियात स्वयंसेवक, शेतकरी आणि वनखातं मिळून सारसांची गणना करतात, घरट्यांवर लक्ष ठेवतात. बालाघाटकडचे लोकही त्यात असतात, कारण वाघ-वैनगंगेच्या पात्रातली राज्याची सीमा पक्ष्याला कळत नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसाची स्वतःहून दखल घेतल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्याही आल्या.

पण एक मेख आहे. केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी सिंचनासाठी माणसाने बांधलेले तलाव व्याख्येतून वगळलेत. आपले मामा तलाव बांधलेलेच! तीन-चारशे वर्षांत त्यांच्यात आख्खी जीवसृष्टी वसली, पण त्या नियमांच्या लेखी ते नुसते पाण्याचे साठे. म्हणून या तलावांचा खरा आधार आजही गावच आहे. ग्रामसभा, ढिवरांची संस्था, खालचे शेतकरी आणि ती चार खाती एका सतरंजीवर बसली, तरच तलाव टिकेल.

सुरुवात साधी आहे. येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. आपला तलाव कोणाच्या ताब्यात आहे? गाळ काढताना उथळ काठ राखणार का? आणि ठरवताना ढिवरांना बोलावलं होतं का?

उत्तरं काय मिळाली, ते गावाच्या नावासकट कमेंटमध्ये लिहा. गावोगावची माहिती एका जागी आली, तर ती घेऊन जिल्ह्याच्या समितीपुढे उभं राहता येईल.