‘रूट्स’ पाहणाऱ्यांनी काय पाहिले?

अमेरिकेतील गुलामगिरीशी खानदेशचा संबंध कापसाने जोडला. १८६१ साली तेथे यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेतील गुलामांच्या श्रमावर पिकणारा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचा भाव आला. जळगाव ही खानदेशची मोठी कापूसपेठ म्हणून याच काळात गजबजली. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले, तेव्हा त्याचा फटकाही तिला बसला. तो परदेशी कापूस कोणाच्या हातांनी वेचला जात होता, हे या पेठेला कळण्याचे कारण नव्हते. खुद्द अमेरिकेतही त्या माणसांची नावे आणि नातीगोती सर्वसामान्य घरांत पोहोचायला पुढे शंभरावर वर्षे लागली. ती पोहोचवली एका दूरचित्रवाणी मालिकेने.

ॲलेक्स हेली यांची ‘रूट्स’ ही कादंबरी ऑगस्ट १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली. गॅम्बियातील जुफुरे गावचा कुंटा किंटे हा तरुण १७६७ साली पकडला जातो, जहाजातून अमेरिकेत नेऊन विकला जातो आणि त्याच्या वंशातील पुढच्या पिढ्या गुलामीतून स्वातंत्र्यापर्यंत येतात, अशी ही कथा. तो आपलाच पूर्वज, असे हेली यांचे सांगणे होते. डेव्हिड वोल्पर यांच्या निर्मितीसंस्थेने तिच्यावर मालिका केली आणि एबीसी वाहिनीने ती २३ ते ३० जानेवारी १९७७ या सलग आठ रात्री दाखवली. हे धाडस होते, तशी धास्तीही होती. गुलामांची कथा गोरा प्रेक्षक पाहील की नाही, याची वाहिनीला खात्री नव्हती. मालिका पडायचीच असेल तर एका आठवड्यात आटोपावी, असाही हिशेब त्यामागे होता, असे म्हटले जाते.

हिशेब साफ चुकला. शेवटच्या रात्री अमेरिकेत सुरू असलेल्या टीव्ही संचांपैकी ७१ टक्के संचांवर ‘रूट्स’ होती. मालिकेचा निदान काही भाग पाहणाऱ्यांची संख्या सुमारे १३ कोटी धरली जाते. देशाची लोकसंख्या तेव्हा २२ कोटींच्या आसपास होती. प्रसारणाच्या वेळी उपाहारगृहे आणि मद्यालये ओस पडू लागली. त्या महिन्यात अमेरिकेच्या पूर्व भागात कडाक्याची थंडी होती, म्हणून लोक घरात बसले, असा खुलासा काहींनी केला. पण थंडी तर सगळ्याच वाहिन्यांसाठी सारखी होती. अनेक शहरांच्या महापौरांनी ‘रूट्स सप्ताह’ जाहीर केला, विद्यापीठांनी मालिकेवर आधारित अभ्यासक्रम सुरू केले, नवजात मुलांना कुंटा आणि मुलींना किझी ही नावे ठेवली गेली. मालिकेला पुढे नऊ एमी पुरस्कार मिळाले.

प्रेक्षकांच्या मनात सर्वांत खोल रुतून बसला तो नामांतराचा प्रसंग. मालकाने दिलेले ‘टोबी’ हे नाव कुंटाने स्वतःच्या तोंडाने उच्चारावे म्हणून त्याला बांधून चाबकाने फोडले जाते. तो पुन्हा पुन्हा आपलेच नाव सांगतो आणि शेवटी हरतो. ही भूमिका करणारा लेव्हार बर्टन तेव्हा १९ वर्षांचा विद्यार्थी होता. विक्री, बलात्कार, कुटुंबाची फाटाफूट, पळून जाणाऱ्याच्या पायावर कुऱ्हाड, हे सारे मालिकेत आहे. तरीही चार दशकांनंतर लोक सांगतात तो नावाचाच प्रसंग. मार सोसणारा माणूस दुरूनही पाहता येतो. स्वतःचे नाव विसरायला लावले जाणे मात्र प्रत्येक पाहणाऱ्याला स्वतःवर ओढवून पाहता येते.

ही मालिका पाहून कृष्णवर्णीयांमध्ये संताप उसळेल, अशी भीती तेव्हा उघडपणे व्यक्त झाली होती. काही शाळांत मारामाऱ्या झाल्याही. परंतु प्रसारणानंतर लगेच झालेल्या देशव्यापी पाहणीत वेगळेच चित्र दिसले : काळे आणि गोरे, दोन्ही प्रेक्षकांनी सांगितलेली सर्वाधिक भावना दुःखाची होती. संशोधकांना हे अनपेक्षित होते. दुसऱ्या अभ्यासांतून आणखी एक अडचणीची गोष्ट पुढे आली. मालिका निष्ठेने पाहणारे गोरे प्रेक्षक बरेचसे आधीपासूनच उदार मताचे होते. ज्यांचे मन पालटावे असे वाटत होते, ते पडद्यासमोर कमी बसले. ‘रूट्स’ने अमेरिकेचे हृदयपरिवर्तन केले, हे वाक्य म्हणूनच जपून वापरायला हवे.

नाराजीचे सूरही होते. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन यांना एका वर्णाचे सारे चांगले आणि दुसऱ्या वर्णाचे सारे वाईट ही मांडणी घातक वाटली. गंमत अशी की, गोऱ्या प्रेक्षकाची सोय निर्मात्यांनी आधीच पाहिली होती. एड ॲस्नर यांनी साकारलेला, सदसद्विवेकाने पोळणारा गुलामजहाजाचा कप्तान त्यासाठीच घडवलेला होता. आणि गोऱ्या पात्रांसाठी घराघरांत लाडके असलेले नट निवडले होते. उलट अनेक काळ्या समीक्षकांना शेवटचे सुखाचे वळण फारच सोयीचे वाटले. पुस्तकाची सत्यताही डळमळली. हॅरॉल्ड कुर्लँडर यांच्या ‘द आफ्रिकन’ या कादंबरीतील मजकूर उचलल्याबद्दलचा दावा हेली यांनी १९७८ मध्ये साडेसहा लाख डॉलर देऊन मिटवला. वंशावळीच्या अभ्यासकांना तर ‘टोबी’ची नोंद १७६७ पूर्वीच्या कागदपत्रांतही आढळली. प्रेक्षकांनी हे ऐकले आणि बाजूला ठेवले. मालिकेनंतर अभिलेखागारांत पूर्वजांची चौकशी करणारी पत्रे वाढली होती, ती हेली यांच्या वंशावळीवर अवलंबून नव्हती.

२०१६ मध्ये मालिका नव्याने निघाली. बर्टन तिच्या निर्मात्यांपैकी एक होते. तांत्रिक बाजूने ती सरस ठरली, पण वाहिन्या शेकड्यांनी झाल्या होत्या आणि सारा देश एका पडद्यासमोर बसण्याचे दिवस संपले होते.

जानेवारी १९७७ मध्ये भारतात आणीबाणी होती. महाराष्ट्रात दूरदर्शन मुंबई-पुण्याच्या परिसरापुरते होते. जळगाव-धुळ्याच्या घरांत ते पोहोचलेच नव्हते. तरीही अमेरिकेतील गुलामांची गोष्ट मराठीला नवी नव्हती. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी इच्छा त्यात नोंदवली. कादंबरी निघाली त्याच १९७६ साली, काही महिने आधी, भारतात वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला होता.

खानदेशात त्या कायद्याचा अर्थ समजायला सालदार डोळ्यांसमोर होता. आखाजीला ठरायचे आणि पुढच्या आखाजीपर्यंत राबायचे, हा त्याचा करार. तो कोणाच्या मालकीचा नसे, त्याची विक्री होत नसे. गुलामाशी त्याची सरळ तुलना करणे चूक ठरेल. परंतु घेतलेली उचल फिटली नाही की साल पुढे सरके, आणि कधी बापाचे देणे मुलाच्या अंगावर येई. तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेल्या शहादा भागात अंबरसिंग सुरतवंती आणि १९७२ मध्ये उभी राहिलेली श्रमिक संघटना यांनी भिल्ल सालदारांच्या आणि शेतमजुरांच्या प्रश्नावर लढा दिला. शहादा १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे.

खानदेशातील जमीनजुमला असलेल्या घराण्यांच्या पिढ्या भाटांच्या आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत मिळतात. सालदाराच्या आजोबाचे नाव कागदावर सापडलेच, तर ते बहुधा उचलीच्या खात्यात, रकमेच्या शेजारी. प्रथा अजून पूर्ण मोडलेली नाही. आज मात्र सालदार मिळेनासे झाले आहेत, आणि आखाजी जवळ आली की त्यांच्या दारी खेटे घालण्याची पाळी शेतकऱ्यावर येते.