वाईन, नाशिक आणि एक बीडकर

मंडळी, युरोपात वायनरीचं वय शतकांत मोजतात. इटलीतलं आंतिनोरी घराणं १३८५ पासून या धंद्यात आहे. म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अजून दोनशे पंचेचाळीस वर्षं होती, तेव्हापासून! आपल्याकडे मात्र वायनरी पंचवीस वर्षं टिकली की ती आजोबांच्या रांगेत जाऊन बसते. नाशिकची सुला अशीच एक आजोबा. तिची गोष्ट आपल्या आयटीवाल्यांना खास आवडेल, कारण ती सुरू होते ओरॅकलमधून.

पण त्याआधी नारायणगाव. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या या गावात शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात इंडेज उभी केली. भारतात, तेही जुन्नर तालुक्यात, फ्रेंच तंत्राने फेसाळती वाईन बनवायची हा विचारच त्या काळी वेडेपणा होता. पण ती बनली, आणि 'ओमर खय्याम' नावाने थेट इंग्लंडात विकलीही गेली. पुढे कंपनीने परदेशातले वाईनचे धंदे विकत घेतले, त्यात २००८ ची मंदी आली, कर्ज डोईजड झालं आणि शेवटी प्रकरण कोर्टात जाऊन कंपनी गुंडाळायची वेळ आली. ज्यांनी सगळ्यात आधी वाट पाडली, ते आज त्या वाटेवर नाहीत.

आता सुला. राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले, कॅलिफोर्नियात ओरॅकलमध्ये नोकरी केली आणि १९९० च्या दशकात ती सोडून परत आले. नाशिकजवळ गंगापूर धरणाशेजारी घरची जमीन होती. आधी आंबा लावून पाहिला, मग खायची द्राक्षं. नाशिकला द्राक्षं तर पूर्वीपासून उत्तम येतात, मग वाईन का नाही, हा प्रश्न त्यांना तिथे पडला. सोनोमाहून केरी डॅम्स्की हे वाईनमेकर मदतीला आले. १९९७ मध्ये सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या जातींच्या वेली लागल्या आणि २००० साली पहिली वाईन बाजारात आली. नाव आईचं, सुलभा या नावावरून सुला. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून वाईनला करात मोठी सवलत दिली आणि नाशिक भागात बघता बघता वायनऱ्यांची रांग लागली.

सुलाची खरी हुशारी मात्र २००५ ची. वायनरीतच टेस्टिंग रूम उघडली. ज्या देशात दारूचं दुकान म्हणजे जाळीची खिडकी आणि कागदात गुंडाळलेली बाटली, तिथे लोकांना बोलावून सांगायचं, की या, बसा, आधी वास घ्या, मग घोट. २००८ पासून सुलाफेस्ट हा संगीताचा जलसा सुरू झाला. मध्ये तो काही वर्षं बंद होता, २०२५ ला परत आला. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनी शेअर बाजारातही आली.

जाणार असाल तर जानेवारी ते मार्च या काळात जा. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला काढतात, आपल्याकडे उलटं. इथे वेलीला थंडीची झोप मिळत नाही, म्हणून वर्षात दोन छाटण्या: उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी. द्राक्ष काढणीच्या दिवसांत गेलात तर क्रेट भरभरून माल येताना दिसतो. आत स्टीलच्या उंच टाक्या असतात, बाहेरून थंड केलेल्या. पांढऱ्या वाईनसाठी रस सालीपासून लगेच वेगळा करतात, लाल वाईन सालीसकट आंबवतात. रंग सगळा सालीतला! आमच्या ग्रुपमध्ये अर्ध्या लोकांना वाटत होतं की रंग टाकतात :-)

आता ती गोष्ट, जी टूरवर फारशी कोणी विचारत नाही. वाईनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. ते ना टेबलावर चालतं ना बेदाण्याला, म्हणजे मार्केट यार्डात त्याला गिऱ्हाईक नाही. वायनरीने उचललं तर पैसा, नाहीतर काही नाही. २००८-०९ नंतर मागणी पडली तेव्हा कित्येक शेतकऱ्यांनी या वेली उपटून टाकल्या. सुलाचीही बरीचशी द्राक्षं शेतकऱ्यांशी केलेल्या अनेक वर्षांच्या करारातून येतात. म्हणून मला विचाराल तर वायनरी किती जुनी हे पहिल्या बाटलीच्या सालावरून मोजू नये. वाईट वर्षातही तिने किती शेतकऱ्यांचा माल उचलला, यावरून मोजावं.

आणि मी पडलो बीडचा, त्यामुळे टेस्टिंग रूमच्या गॅलरीतून समोर पाणी दिसलं की डोक्यात वेगळंच सुरू होतं. ते गंगापूरचं पाणी म्हणजे गोदावरी. हीच नदी पुढे जायकवाडीत जाते आणि तिथून गेवराई, माजलगाव, परळीच्या उशाने वाहते. कमी पावसाच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडा, अशी मागणी होते आणि नाशिक विरुद्ध मराठवाडा भांडण पेटतं. नाशिकवाल्यांवर रागवायला सोपं आहे. पण ठिबकवरच्या द्राक्षाला उसापेक्षा पाणी कमी लागतं, आणि आम्ही आमच्या वाट्याच्या पाण्यावर लावतो ऊस! तरी दसरा झाला की लाखो माणसं कोयता घेऊन दुसऱ्यांचा ऊस तोडायला गाव सोडतातच.

आमच्या बालाघाटाच्या डोंगरांत सीताफळ जवळजवळ बिनपाण्याचं येतं. २०१६ मध्ये त्याला जीआय मिळालं, पण पिकलं की दोन-तीन दिवसांत ते विकावंच लागतं. नाशिकने द्राक्षाला बाटली दिली, नाव दिलं आणि ते बघायला लोक शे-दोनशे किलोमीटर गाडी हाकत येतात. सीताफळाची वाईनच करा असं मी म्हणत नाही. गर असो, रबडी असो, काहीही असो, पण धारूरच्या घाटात गाडी थांबवून लोकांनी ते चाखावं, आणि ते पिकवणाऱ्याला दसऱ्यानंतर गाव सोडावं लागू नये.