रेचेलबाई आणि लॉर्ड्सचं दार

क्रिकेटचा पहिला विश्वचषक कोणी जिंकला, असं विचारलं तर बहुतेक मंडळी १९७५ सालच्या वेस्ट इंडिजचं नाव घेतात. खरं म्हणजे पहिला विश्वचषक त्याच्या दोन वर्षं आधी, १९७३ साली झाला. तो बायकांचा होता आणि इंग्लंडने जिंकला. कर्णधार होत्या रेचेल हेहो फ्लिंट.

रेचेलबाईंचा जन्म १९३९ चा, वुल्व्हरहॅम्प्टन गावातला. शाळेत मुलींना खेळ शिकवायच्या, म्हणजे आम्हा शिक्षकांच्याच जातकुळीतल्या! १९६० साली त्या पहिली कसोटी खेळल्या. महिलांच्या कसोटीतला पहिला षटकार त्यांचाच, १९६३ साली ओव्हलवर मारलेला. १९६६ पासून कर्णधार होत्या आणि एकही कसोटी हरल्या नाहीत. १९७६ साली ऑस्ट्रेलियाविरुद्ध साडेआठ तासांहून जास्त वेळ खेळून १७९ धावा केल्या आणि सामना वाचवला.

पण मला त्यांच्या धावांपेक्षा त्यांची चिकाटी मोठी वाटते. विश्वचषक भरवायचा तर पैसा कुठून आणायचा? त्यांच्याच गावचे उद्योगपती जॅक हेवर्ड यांनी चाळीस हजार पौंड दिले आणि सात संघांची स्पर्धा झाली. शेवटच्या सामन्यात बर्मिंगहॅमला ऑस्ट्रेलियाचा पराभव झाला.

यानंतर राहिलं लॉर्ड्स. १९७६ साली तिथे महिलांचा पहिला सामना झाला आणि रेचेलबाई संघ घेऊन मैदानात उतरल्या. पण ते मैदान ज्या एमसीसी क्लबचं, त्या क्लबात बायकांना सभासदत्व नव्हतं. विश्वचषक जिंकलेल्या कर्णधारालाही नाही! १९९१ साली त्यांनी 'आर. फ्लिंट' एवढंच नाव लिहून अर्ज केला, म्हणजे अर्जदार बाई आहे हे वाचणाऱ्याला कळू नये. पुढे १९९८ च्या फेब्रुवारीत मतदान झालं. निम्म्याहून जास्त मतं बायकांच्या बाजूने पडली, पण दोन तृतीयांश लागत होती. सप्टेंबरात पुन्हा मतदान झालं आणि दार उघडलं. क्लब स्थापन झाला होता १७८७ साली. हिशेब तुम्हीच करा.

आरडाओरड न करता, पण मागणं न सोडता त्यांनी हे मिळवलं. आपल्याकडे अशा बाईला 'हट्टी' म्हणतात. म्हणोत बापडे.

जानेवारी २०१७ मध्ये त्या गेल्या. त्याच जुलैत लॉर्ड्सवर भरगच्च प्रेक्षकांसमोर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि आपल्या मुली इंग्लंडकडून नऊ धावांनी हरल्या. २०२२ साली लॉर्ड्सच्या एका प्रवेशद्वाराला रेचेलबाईंचं नाव दिलं गेलं. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत हरमनप्रीतने तोच विश्वचषक उचलला.

त्या रात्री आपण सगळ्यांनी फटाके ऐकले. घरातल्या मुलींना तो विजय पाठ आहेच. त्याच्या आधीचं हे एक नावही त्यांना सांगून ठेवा.