‘वाड्यावर या’ मीममधले निळू फुले खरे कोण होते?

वर्ध्यातला व्हॉट्सॲप ग्रुप असो की पुण्यातला, पांढरी टोपी, अर्धवट मिटलेले डोळे आणि ‘बाई, वाड्यावर या’ असं मीम कधी ना कधी येऊन पडतंच. हा संवाद नेमका कोणत्या चित्रपटातला, असं मीम टाकणाऱ्याला विचारलं तर सहसा उत्तर मिळत नाही. निळू फुले मात्र त्या एका ओळीपेक्षा बरेच मोठे होते.

त्यांचं पूर्ण नाव नीळकंठ कृष्णाजी फुले. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमध्ये ते माळीकाम करायचे आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वगनाट्यं करायचे. शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगाने त्यांचं नाव महाराष्ट्रभर झालं. १९६८ मध्ये अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’तून ते पडद्यावर आले.

मग त्यांच्या वाट्याला पाटील, सरपंच, सावकार अशा भूमिकांची रांगच लागली. आरडाओरडा न करता, घोगऱ्या आवाजात, मान किंचित तिरकी करून ते समोरच्याला घाबरवायचे. हे इतकं खरं वाटायचं की गावोगावच्या बायका त्यांना खरोखरच वाईट माणूस समजायच्या. चरित्र अभिनेत्याला याहून मोठी पावती कोणती? पण तीच प्रतिमा पुढे त्यांच्या मानगुटीवर बसली.

ती प्रतिमा बाजूला ठेवायची असेल तर डॉ. जब्बार पटेल यांचे दोन चित्रपट बघावेत. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या ‘सामना’त ते साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील आहेत आणि समोर डॉ. श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर. मारुती कांबळे नावाचा माणूस गायब कसा झाला, हा मास्तरचा प्रश्न हिंदुरावांचा पिच्छा सोडत नाही. इथे खलनायक हळूहळू आतून खचत जातो, आणि फुले ते फक्त नजरेतून दाखवतात. हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेला होता. ‘सिंहासन’मध्ये (१९७९) तर ते पत्रकार दिगू टिपणीस! राजकारण जवळून बघून बघून शेवटी वेड्यासारखा हसत सुटणारा दिगू आजच्या कोणत्याही रिपोर्टरला ओळखीचा वाटेल.

रंगभूमीवर १९७२ मध्ये त्यांनी तेंडुलकरांचा ‘सखाराम बाइंडर’ उभा केला. सेन्सॉरने बंदी घातलेलं हे नाटक कोर्टात जाऊन सुटलं. हिंदीत ‘कुली’, ‘मशाल’ आणि ‘सारांश’. त्यातला ‘सारांश’मधला गजानन चित्रे हा राजकारणी आवर्जून बघण्यासारखा. १९९१ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

पडद्यावर गरिबांना लुबाडणारा हा माणूस प्रत्यक्षात समाजवादी होता. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत ते डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि डॉ. लागूंसोबत होते. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन देणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसे उभे करायला ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग झाले, त्यातही त्यांनी काम केलं.

१३ जुलै २००९ रोजी पुण्यात कर्करोगाने त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी आलेल्या ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ या शेतकऱ्यांवरच्या चित्रपटातही ते होते.