दाखवायचे दात आणि त्यांचे दाम

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, असे आपण म्हणतो. माणसाला मात्र दातांचा एकच संच मिळालेला आहे. त्यानेच खायचे आणि तोच दाखवायचा. खायचा दात दुखू लागला की घरातले कोणीही खर्चाला नाही म्हणत नाही. दाखवायच्या दाताचा खर्च निघाला, की मात्र चर्चा सुरू होते. पुढच्या दोन दातांत फट आहे, एक दात काळा पडला आहे, म्हणून मुलगी हसताना तोंडावर हात धरते. तिला तारा लावायच्या की कॅप बसवायची, हा प्रश्न लग्न ठरायची वेळ येईपर्यंत पुढे ढकलला जातो. मग एक दिवस ती खुर्चीत बसते, दिवा डोळ्यांवर येतो, तोंडात नळी जाते आणि त्याच वेळी खर्चाचा आकडा सांगितला जातो. आ वासलेल्या तोंडाने घासाघीस कशी करणार?

साडीच्या दुकानात आपण आधी किंमत विचारतो. दातांच्या बाबतीत ती शेवटी का कळते? या प्रश्नाला अडीचशे वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घरापासून करू. वॉशिंग्टन यांनी १७८९ साली अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडाची होती, ही दंतकथाच. प्रत्यक्षात त्यांच्या कवळ्यांत हस्तिदंत, धातू, जनावरांचे दात आणि माणसांचे दातही होते. त्यांच्या माउंट व्हर्नन या जहागिरीच्या हिशेबवहीत मे १७८४ मधली एक नोंद आहे. डॉक्टर ल मेयर यांच्यासाठी गुलामांकडून नऊ दात घेतले, त्याबद्दल रोख सहा पौंड दोन शिलिंग दिले. म्हणजे दाताला साडेतेरा शिलिंग पडले. हेच फ्रेंच दंतवैद्य वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लोकांचे पुढचे दात विकत घेत आणि एका दाताला दोन गिनी, म्हणजे बेचाळीस शिलिंग, देऊ करत. मात्र गुलामांना हा भाव नाही, असे त्या जाहिरातीतच म्हटलेले असे. हिशेब अगदी चोख होता, पै न् पै लिहिलेली होती. पण ज्याचा दात जात होता, त्याला नाही म्हणायची मुभा नव्हती. किंमत कागदावर स्पष्ट असली, म्हणजे व्यवहार न्याय्य झाला असे नाही, हा या वहीतला पहिला धडा.

त्या काळी चांगली कवळी ही श्रीमंतांचीच चैन होती. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर रणांगणावरच्या मृत सैनिकांचे दात काढून विकले गेले आणि 'वॉटर्लूचे दात' हा शब्दच इंग्लंडमध्ये रूढ झाला. तरण्याताठ्या सैनिकांचे निरोगी दात म्हणून त्यांना मागणी होती.

चित्र पालटले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. १८४६ च्या ऑक्टोबरमध्ये बोस्टनच्या विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवून शस्त्रक्रियेत भूल देता येते, हे जाहीर प्रयोगात दाखवले. दात काढण्याची भीती कमी झाली. दात निघू लागले, तशी कवळ्यांची मागणी वाढली. त्याच सुमारास व्हल्कनाइट नावाचे कडक रबर आले. सोन्याच्या पट्टीवर बसवलेली कवळी सामान्य माणसाला झेपत नसे. रबर स्वस्त होते आणि हिरडीच्या ठशावर नेमके बसत होते. आता गरिबालाही कवळी मिळणार, असे वाटू लागले.

पण रबराच्या कवळीच्या पेटंटवर एका कंपनीने हक्क सांगितला. जॉन कमिंग्ज यांना १८६४ साली मिळालेले हे पेटंट गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीने घेतले. रबर वापरायचे असेल तर दंतवैद्याने कंपनीकडून परवाना घ्यायचा, त्याची फी भरायची आणि वर कवळीगणिक रक्कम द्यायची. न देणाऱ्यांवर कंपनीने देशभर खटले गुदरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १८७६ साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला. कंपनीचे खजिनदार जोसाया बेकन गावोगाव फिरून वसुली करत. सॅम्युअल चॅल्फंट नावाचे एक दंतवैद्य त्यांचा ससेमिरा चुकवत डेलावेअरहून सरकत सरकत पार सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत गेले. बेकन तिथेही पोहोचले. १३ एप्रिल १८७९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, चॅल्फंट यांनी बेकन यांना हॉटेलच्या खोलीत गाठले आणि त्यांच्याच पिस्तुलाच्या गोळीने बेकन यांचा जीव गेला. चॅल्फंट यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. १८८१ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि रबर सर्वांना मोकळे झाले.

एका कवळीपायी एकाचा जीव गेला आणि दुसऱ्याचे आयुष्य मातीत गेले. रोग्याला यातले काहीच ठाऊक नसे. त्याला एकच आकडा सांगितला जाई. त्यात रबर किती, दंतवैद्याचे श्रम किती आणि कंपनीचा वाटा किती, हे कोणी फोड करून सांगत नसे.

मग किंमत चारचौघांत ओरडून सांगणारा एक इसम अवतरला. कॅनडात १८७२ साली जन्मलेल्या एडगर पार्कर यांनी फिलाडेल्फियात दंतवैद्यकाचे शिक्षण घेतले. दवाखाना थाटला, पण रोगी फिरकेनात. कारण जाहिरात करणे या व्यवसायात अशिष्ट मानले जाई. पार्कर यांनी ती रीत मोडली. बार्नमच्या सर्कशीत काम केलेला एक माणूस हाताशी धरला, घोडागाडी सजवली, बँडवाले घेतले आणि भर चौकात दात काढायला सुरुवात केली. दर ठरलेला, दाताला पन्नास सेंट. दुखले तर पार्कर उलट पाच डॉलर देणार. औषध म्हणून कोकेनचे पाणी असे आणि तेवढ्याने भागले नाही तर रोग्याची किंकाळी बँडच्या गजरात विरून जाई. पुढे त्यांनी कॅलिफोर्नियात कायदेशीर नावच बदलून 'पेनलेस', म्हणजे 'वेदनारहित', असे घेतले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्यांच्या दवाखान्यांची साखळी उभी राहिली. ३५७ दातांची माळ ते मिरवत आणि हे सगळे दात एका दिवसात काढले, असे सांगत.

व्यवसायबंधूंनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली आणि ती बरीचशी रास्त होती. रोग्याची किंकाळी बँडखाली दडपणे हा काही वैद्यकाचा धर्म नव्हे. पण नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पार्कर यांच्या गाडीपुढे उभ्या असलेल्या मजुराला आपल्या खिशातून किती जाणार, हे तोंड उघडण्यापूर्वी कळत होते. प्रतिष्ठित दवाखान्यात ते कळत नव्हते. बाजारूपणा नको म्हणून जाहिरात गेली, हे ठीकच झाले. पण तिच्याबरोबर दरपत्रकही गेले. ही गल्लत पुढे अनेक देशांत टिकून राहिली.

विसाव्या शतकात एका देशाने निराळाच मार्ग धरला. किंमत रोग्याने द्यायचीच नाही. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि कवळ्या मोफत झाल्या. त्याआधी तिथल्या कष्टकरी वस्त्यांत एक विलक्षण रूढी होती. एकविसाव्या वाढदिवशी किंवा लग्नाआधी मुलीचे सगळे दात काढून तिला नवी कवळी भेट देत, म्हणजे पुढे नवऱ्याला तिच्या दातांचा खर्च नको! दात ही सासरी जाणारी एक जबाबदारी आणि ती माहेरानेच मिटवायची. आपल्याला यात काही ओळखीचे वाटले तर नवल नाही.

मोफत म्हणताच दंतवैद्यांकडे रांगा लागल्या. वर्षानुवर्षे किडक्या दातांनी हसू दाबून बसलेले लोक पुढे आले आणि खर्चाचे सरकारी अंदाज कोलमडले. एप्रिल १९५१ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी कवळ्या आणि चष्मे यांचा सुमारे निम्मा खर्च रोग्यांकडून घ्यायचे ठरवले. कोरियात युद्ध चालू होते आणि शस्त्रास्त्रांसाठी पैसा हवा होता. आरोग्यसेवेचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन यांनी त्याच महिन्यात मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर हॅरोल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन हेही बाहेर पडले. वर्षभरात सुमारे दोन कोटी तीस लाख पौंड वाचावेत, एवढाच या शुल्काचा हिशेब होता. पण बेव्हन यांच्या मते प्रश्न तत्त्वाचा होता. मजूर पक्षातली ही फूट पुढे कित्येक वर्षे बुजली नाही. १९५२ मध्ये, दुसऱ्या पक्षाच्या सरकारने, दातांच्या उपचारावरही एक पौंडाचे शुल्क लावले.

आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. १९६८ च्या पाहणीत इंग्लंड आणि वेल्समधल्या ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. २००९ च्या पाहणीत हे प्रमाण ६ टक्क्यांवर आले होते. दात टिकू लागले, तसा प्रश्न कवळीकडून शोभेकडे सरकला. २००६ साली इंग्लंडने दंतोपचाराच्या सुमारे चारशे बाबींचे वेगवेगळे दर रद्द करून तीनच टप्पे ठेवले. कुठल्या टप्प्यात किती पौंड, हे रोग्याला सहज कळू लागले. पण निव्वळ शोभेसाठी केलेले उपचार या छत्राखाली येत नाहीत. ते ज्याचे त्याने करायचे.

शोभेच्या उपचारांचे मूळ हॉलिवूडमध्ये आहे. चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य नटनट्यांच्या दातांवर पातळ कवच तात्पुरते चिकटवून देत. चित्रीकरण संपले की ते काढून ठेवायचे. छोट्या शर्ली टेंपलचे दुधाचे दात पडले, ते प्रेक्षकांना याच युक्तीमुळे दिसले नाहीत. १९५५ साली मायकेल बुओनोकोर यांनी दाताच्या वेष्टणावर आम्ल लावून त्यावर पदार्थ पक्का चिकटवता येतो, हे दाखवले आणि पुढे १९८० च्या दशकात कायमचे व्हेनिअर आले. पडद्यावरचे हसू बाजारात आले आणि ते हप्त्याने मिळू लागले.

हप्ता ही वाईट गोष्ट नाही. मध्यमवर्गाच्या घरात शिवणयंत्रापासून फ्रिजपर्यंत किती वस्तू हप्त्यानेच आल्या. पण दवाखान्यात कर्जाचा अर्ज भरताना माणूस दुखण्यात किंवा संकोचात असतो आणि अर्ज पुढे करणाऱ्यावर त्याचा विश्वास असतो. अमेरिकेत डॉक्टरांच्या आणि दंतवैद्यांच्या दवाखान्यांत मिळणाऱ्या केअरक्रेडिट या कार्डाबाबत तिथल्या ग्राहक-संरक्षण यंत्रणेने डिसेंबर २०१३ मध्ये आदेश दिला, की ग्राहकांना ३ कोटी ४१ लाख डॉलरपर्यंत परतावा द्यावा. ठरलेल्या मुदतीत सगळी रक्कम फेडली तर व्याज नाही, ही सवलत होती. मुदत हुकली तर पहिल्या दिवसापासूनचे जवळजवळ २७ टक्के दराचे व्याज एकदम अंगावर येई. हे अनेकांना नीट सांगितलेलेच नव्हते.

आपल्या रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले, की शून्य टक्के व्याज असे काही नसते. ते व्याज प्रक्रिया शुल्काच्या वेषात लपलेले असते. एक हिशेब मांडून पाहू. समजा, उपचाराचे बिल साठ हजार रुपये आहे. रोख दिले तर पाच हजारांची सूट. 'बिनव्याजी' योजनेत दरमहा पाच हजारांचे बारा हप्ते आणि सुरुवातीला दोन हजार शुल्क. म्हणजे खरी किंमत पंचावन्न हजार. त्यातले दोन हजार आपण आधीच दिले, तेव्हा कर्ज त्रेपन्न हजारांचे आणि फेड साठ हजारांची. हा दर वर्षाला साडेतेवीस टक्क्यांच्या आसपास जातो. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देताना सगळे शुल्क धरून येणारा वार्षिक दर एका कागदावर लिहून देणे बंधनकारक आहे. तो कागद मागून घ्यावा आणि सही करण्याआधी घरी नेऊन वाचावा.

दातांसाठी पैसा उभा करण्याची एक सुरेख कथा आपल्या देशातही आहे. डॉ. रफीउद्दीन अहमद अमेरिकेतून दंतवैद्यक शिकून आले आणि १९२० साली त्यांनी कलकत्त्यात भारतातले पहिले दंतमहाविद्यालय काढले. त्याला पैसा कुठून आला? त्यांच्या 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' या आइस्क्रीमच्या दुकानातून! गोडाने किडवलेले दात गोडाच्याच कमाईने दुरुस्त होऊ लागले. १९४९ मध्ये त्यांनी हे महाविद्यालय सरकारच्या हवाली केले. मुंबईत नायर दंतमहाविद्यालय १९३३ पासून उभे आहे. अशा महाविद्यालयांत शिकाऊ डॉक्टर प्राध्यापकांच्या नजरेखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पण खर्च खासगी दवाखान्याच्या मानाने पुष्कळ कमी येतो. ज्याच्या दातांचा प्रश्न पैशापायी अडला आहे, त्याने हा दरवाजा आधी ठोठवावा.

बाकी प्रत्येकाने खुर्चीत बसण्यापूर्वी, तोंड अजून आपल्या ताब्यात असताना, चार गोष्टी विचाराव्यात. एकूण खर्च किती आणि त्याची फोड काय? हे काम किती वर्षे टिकेल आणि पुन्हा करायचे तर खर्च कोणाचा? आज केले नाही तर काय बिघडेल? आणि रोखीने किती, हप्त्याने किती? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. उत्तर लिहून मागितले तरी येत नाही.

आणि त्या तोंडावर हात धरणाऱ्या मुलीला चैन करते असे म्हणू नये. १९४८ साली ब्रिटनमध्ये रांगेत उभे राहिलेले लोकही चैन करायला आले नव्हते. चारचौघांत मोकळेपणाने हसता यावे, एवढेच त्यांचे मागणे होते.