भूकंपानंतरची राजधानी, भूकंपानंतरचं गाव

दरवेळी मी आपल्या भागातला एखादा किल्ला, एखादी बारव, एखादं जुनं देऊळ घेऊन येतो. आजची गोष्ट मात्र लातूरपासून फार लांब सुरू होते, आइसलँडची राजधानी रेक्याविकमध्ये. आणि संपते औसा तालुक्यात, किल्लारीजवळ. मधला रस्ता कसा जुळतो ते ऐका.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेक नांदेडला केलं, नोकरी पुण्यात. गेल्या वर्षी प्रोजेक्टसाठी तीन महिने कोपनहेगनला होतो. जूनमध्ये सलग चार दिवस सुट्टी मिळाली. तिथून रेक्याविक तीन-सव्वातीन तासांचं विमान. म्हटलं, एवढ्या जवळ आलोय तर बघून घेऊ.

पोचलो त्या रात्री आजीचा व्हिडिओ कॉल आला. रात्री म्हणजे साडेदहा, आणि बाहेर चांगलं ऊन. जूनमध्ये तिथं अंधारच पडत नाही.

"काय करलालास रं? जेवलास का?" मग लगेच पुढचा प्रश्न, "पाणी येतंय का तिथं नळाला?"

लातूरच्या माणसाचा हा पहिला प्रश्न असणारच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं आपण बघितलंय. मी नळ सोडून दाखवला. म्हटलं, आजी, थंड पण येतं आणि गरम पण, दोन्ही जमिनीतूनच येतं. गरम पाण्याला सडलेल्या अंड्यासारखा वास येतो, कारण ते ज्वालामुखीच्या भागातलं, गंधकाचं पाणी. शहरातली बहुतेक घरं त्याच पाण्यावर उबदार ठेवतात. तिथल्या मुख्य बाजाररस्त्याचं नाव लाउगावेगुर, म्हणजे गरम झऱ्यांकडे जाणारा रस्ता. पूर्वी शहरातल्या बायका धुण्याची गाठोडी घेऊन त्याच वाटेने झऱ्यांवर जायच्या.

आता शहर केवढं, ते सांगतो. रेक्याविकची लोकसंख्या साधारण १ लाख ४० हजार. २०११ च्या जनगणनेत लातूर शहर होतं ३ लाख ८३ हजारांच्या आसपास. म्हणजे लातूरच्या निम्मंही नाही. अख्ख्या आइसलँड देशाची लोकसंख्या घेतली तर कुठं ती लातूरएवढी होते! अर्ध्या दिवसात पायी सगळं जुनं शहर बघून होतं. संसद बघितली, १८८१ ची दगडी इमारत, आपल्याकडच्या एखाद्या जुन्या कॉलेजएवढी. पंतप्रधानांचं कार्यालय बघितलं, पांढरी बैठी इमारत. ती अठराव्या शतकात तुरुंग म्हणून बांधली होती!

पण खरी गोष्ट सुरू झाली आदल्स्त्राइती नावाच्या रस्त्यावर. हा शहरातला सगळ्यात जुना रस्ता. तिथं १७६२ चं एक लाकडी घर आहे. स्कूली माग्नुसोन नावाच्या अधिकाऱ्याने लोकरीचे कारखाने काढले होते, त्या काळातलं. आणि त्याच रस्त्यावर एका हॉटेलच्या तळघरात याच्याहून कितीतरी जुनं घर आहे. २००१ साली बांधकामासाठी खोदताना त्या जागेवर एका लांबलचक घराचा पाया सापडला. तिथंच भिंतीचा एक तुकडा ज्वालामुखीच्या राखेच्या थराखाली निघाला. ती राख इ.स. ८७१ च्या आसपासची. त्यांनी हॉटेल बांधलं, पण तो पाया जागचा हलवला नाही. तळघरातच संग्रहालय केलं.

मला वाटलं, म्हणजे हजार-अकराशे वर्षांपासूनची राजधानी आहे ही. तर तसं नाही. १७८० च्या आधी रेक्याविक म्हणजे काही शेतं आणि ते कारखाने. देशाचं मोठं केंद्र होतं स्काउल्होल्ट, दक्षिणेत, आजच्या रस्त्याने ऐंशी-नव्वद किलोमीटरवर. १०५६ पासून तिथं बिशपची गादी होती, मोठी शाळा होती. सातशे वर्षं देशातली शिकलेली माणसं तिथून यायची.

मग काय झालं?

८ जून १७८३. आइसलँडच्या दक्षिणेत लाकी नावाच्या ठिकाणी जमीन फाटली. एक डोंगर फुटला असं नाही, तर सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या भेगेतून लाव्हा यायला लागला. आठ महिने येत राहिला. लाव्हापेक्षा वाईट होता धूर. धुरातलं विषारी फ्लोरिन गवतावर बसलं, गवत खाऊन जनावरं मेली. देशातल्या बहुतेक मेंढ्या गेल्या, निम्मी गुरं-घोडी गेली. मागोमाग माणसं उपाशी मेली. देशाची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास होती, त्यातला जवळपास पाचवा हिस्सा संपला.

हा धूर युरोपभर पसरला. २००६ साली हवामानाच्या कॉम्प्युटर मॉडेलवर एक अभ्यास झाला. त्यात दिसलं की लाकीमुळे उत्तर गोलार्धातली जमीन थंड पडली आणि आफ्रिकेतला व भारतातला मान्सून कमजोर झाला. त्याच काळात, १७८३-८४ मध्ये, उत्तर भारतात भयंकर दुष्काळ पडला होता. विक्रम संवत १८४० मध्ये पडला म्हणून त्याला चालीसा म्हणतात. सगळा दोष लाकीचा नाही बरं का, त्या वर्षांत एल निनोही होता. पण तिकडची भेग आणि इकडचा पाऊस यांचा संबंध असू शकतो, हे वाचून मी चाट पडलो.

लाकी शांत झालं १७८४ च्या फेब्रुवारीत. लोक सावरतायत तोवर ऑगस्टमध्ये दक्षिण आइसलँडला मोठा भूकंप झाला. स्काउल्होल्टच्या बहुतेक इमारती पडल्या. तिथली घरं म्हणजे खाली दगड आणि वर गवताची मुळं धरून असलेल्या मातीचे थर. जिथं जे मिळतं त्याचंच घर होतं.

आइसलँडवर तेव्हा डेन्मार्कच्या राजाचं राज्य होतं. निर्णय झाला की स्काउल्होल्ट परत बांधायचं नाही, गादी आणि शाळा रेक्याविकला हलवायची. १८ ऑगस्ट १७८६ ला रेक्याविकला शहराचा दर्जा मिळाला. लोकसंख्या किती? १६७! आपल्याकडं एका लग्नाच्या पंगतीला याहून जास्त माणसं असतात. पुढं तिथंच मोठं चर्च झालं, १८४५ मध्ये बंद पडलेली संसद तिथंच परत भरली. भूकंपात एक जुनं गाव मोडलं आणि त्याची सगळी संस्था नव्या जागी गेल्या, म्हणून आजची राजधानी उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी मी टूरच्या बसने फिरायला गेलो, तेव्हा स्काउल्होल्टला अर्धा तास थांबलो. हिरवं माळरान, एक चर्च, तेही १९६३ चं, आणि वारा. एवढंच. पण तिथंच एक गोष्ट कळली. तेव्हाचे बिशप होते हान्नेस फिन्सोन. गादी हलली, शाळा हलली, पण हा माणूस हलला नाही. स्काउल्होल्टची जमीन विक्रीला निघाली, ती त्यांनी स्वतः विकत घेतली आणि १७९६ मध्ये मरेपर्यंत तिथंच राहिले. तिथंच बसून त्यांनी आइसलँडमध्ये दुष्काळांनी माणसं कशी कमी होत गेली यावर एक ग्रंथ लिहिला.

हे कळलं आणि मला आजी आठवली.

आता येऊ आपल्या गावाकडं. तारीख तुम्हाला माहीत आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली माणसं गाढ झोपली होती. ६.२ तीव्रतेचा भूकंप, तोही जमिनीखाली फार खोल नाही. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली, आकडे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत सांगतात. त्या वेळच्या नकाशावर हा भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

माणसं मारली ती घरांनी. आपली माळवदाची घरं तुम्ही बघितली असतील. दोन-तीन फूट जाड भिंती, काळा दगड, पण न घडवलेला, चिखलात बसवलेला. वर लाकडाच्या तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारेगार. पण जमीन हलली की भिंतीची आतली बाजू आत, बाहेरची बाहेर सुटते आणि सगळा माळवद अंगावर येतो. हा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, थंड झालेला लाव्हा. आइसलँडची जमीन ज्या दगडाची, त्याच जातीचा. आपला सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्यांचा काही ठिकाणी अजून गरम.

माझा जन्म भूकंपानंतरचा. आमचंही गाव पूर्ण पडलं. जी ५२ गावं नव्या जागी वसवली, त्यातलंच एक. नवीन घरं जमिनीच्या हिशोबाने मिळाली. भूमिहीन आणि थोडी जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, त्याहून जास्त असलेल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट.

मी नव्या गावाला नावं ठेवणार नाही. त्या वेळी एवढी घरं उभी करणं सोपं नव्हतं. माझे वडील म्हणतात, "रस्ता रुंद हाय, घर पडत न्हाई, अजून काय पाहिजे?" त्यांचं बरोबर आहे. पण आमच्या गावात झालं असं की गल्ल्या मोडल्या. जुन्या गावात आजीच्या दाराला लागून जिचं दार होतं, ती मैत्रीण नव्या गावात पार दुसऱ्या टोकाला गेली.

आजी मात्र जुन्या गावाला जात राहिली. दर अमावस्येला, मारुतीच्या पाराला नारळ फोडायला. लहानपणी मी सोबत जायचो आणि कंटाळायचो. बाभळी, दगडांचे ढीग, काय बघायचं? ती चालता चालता बोलायची, "हितं सुताराचं घर, हितं आड, हितं तुझा आत्या…" आणि गप्प व्हायची. माझी मोठी आत्या त्या रात्री गेली. अकरा वर्षांची होती. घरात तिचा फोटो नाही, तोही भिंतीखालीच गेला.

रेक्याविकच्या त्या तळघरात मी तासभर बसलो होतो. अकराशे वर्षांपूर्वीच्या, नावही माहीत नसलेल्या माणसाची चूल कुठं होती ते काचेआड बघत होतो. आणि माझ्या स्वतःच्या घराची चूल कुठं होती, ते मला सांगता येत नव्हतं. ते फक्त आजीला माहीत होतं. आणि आजी ब्याऐंशी वर्षांची.

परत आल्यावर पहिल्याच सुट्टीत मी तिला जुन्या गावाला घेऊन गेलो. या वेळी कंटाळलो नाही. ती चालत गेली, मी मोबाइलवर एकेक जागा पिन करत गेलो आणि तिचा आवाज रेकॉर्ड करत गेलो. तीन खेपांमध्ये ४७ पिना झाल्या. आड, पार, चावडी, सुताराचं घर, मैत्रिणीचं दार. काही ठिकाणी ती चुकली, परत फिरली, दगड ओळखला आणि म्हणाली, "न्हाई, हितं न्हाई, तिकडं."

आमच्या घराची पिन सगळ्यात शेवटी झाली. ती तिथं उभी राहिली आणि म्हणाली, "हितं चूल. हितं ती झोपली होती." मी विचारलं, आत्याचं नाव लिहू का? म्हणाली, "लिही की. त्याच्यासाठीच तर आलाव."

तर मंडळी, गाव हलवायला सरकार लागतं, पैसा लागतो. पण जुनं गाव कुठं होतं, हे लिहून ठेवायला आपल्या खिशातला फोन पुरतो. फक्त सांगणारं माणूस हयात असायला लागतं. तुमच्या घरी त्या ५२ गावांपैकी कुणी असेल, किंवा धरणात गेलेल्या एखाद्या गावचं कुणी असेल, तर या रविवारी त्यांना गाडीवर मागं बसवा आणि घेऊन जा. रेकॉर्डिंगचं बटण दाबा आणि त्यांना बोलू द्या. मध्ये बोलू नका.

पुढच्या भागात आपण परत किल्ल्यावर, कंधारला. तोवर काळजी घ्या. भेटू.